दूध सोडण्याआधी घरातली डाळ मोजा

ठाण्याच्या एका ताईंचा प्रश्न थोडक्यात असा. यजमानांनी दूध, दही, तूप, अंडी, मासे सगळं सोडून फक्त वनस्पतीजन्य खायचं, म्हणजे व्हेगन व्हायचं ठरवलंय आणि घरानेही तेच करावं असा त्यांचा आग्रह आहे. मुलगी नऊ वर्षांची, मुलगा तीन वर्षांचा. सासूबाई सहासष्टच्या, मधुमेहासाठी मेटफॉर्मिन चालू. त्यांचं एकच पालुपद: "दुधाशिवाय पोरांची हाडं कशी धरणार?" ताई मध्ये सापडल्यात. आणि जाता जाता त्यांनी मलाही धरलंय: "तुम्ही आहारतज्ज्ञ असून स्वतः दूध घेत नाही म्हणे. तुम्ही कशा वळलात, आणि घरच्यांचं काय केलंत?"

आधी उत्तर देते, कारणं मागून. यजमान पुढच्या आठवड्यापासून सुरू करू शकतात, अट एकच: बी१२ जीवनसत्त्वाची गोळी. तुम्ही आणि लेक टप्प्याटप्प्याने या. तीन वर्षांच्या मुलाचं दूध आत्ता बंद करू नका. आणि सासूबाईंनी दूध सोडो वा न सोडो, त्यांचं बी१२ या आठवड्यात तपासून घ्या. घरात सगळ्यात जास्त धोका मला त्यांनाच दिसतोय, आणि त्याचा तुमच्या यजमानांच्या नव्या खुळाशी काडीचा संबंध नाही.

आता माझं. मी कोल्हापूरची. ज्या गावात गंगावेशीच्या कट्ट्यावर म्हशीची धार डोळ्यांसमोर काढून पेला हातात देतात, त्या गावच्या मुलीने दूध सोडलं म्हटल्यावर माहेरी काय झालं असेल ते समजून घ्या. मटण मी वसतिगृहात असतानाच सोडलं, त्यात तत्त्वबित्त्व काही नव्हतं, मेसचं मटणच तसं होतं. दूध मात्र विचार करून सोडलं. आजोळी गोठा होता. म्हैस व्याली आणि रेडी झाली की घरात आनंद. रेडा झाला की कुणी फारसं बोलायचं नाही. पान्हा फुटेपर्यंत रेडकाला लुचू द्यायचं, मग दाव्याने ओढून खुंटीला बांधायचं. ते हळूहळू वाळत जायचं आणि एक दिवस गोठ्यात दिसायचं नाही. लहानपणी हे पाहिलेलं असतं, पण ते समजायला वय लागतं. पुढे ते समजलं आणि दुधाचा पेला मला नकोसा झाला.

हे मुद्दाम सांगते. पोषणशास्त्र सांगतं म्हणून मी दूध सोडलं, असं मी कधीच म्हणणार नाही. दूध विष आहे असं माझं शास्त्र म्हणत नाही, आणि दुधावाचून माणूस जगत नाही असंही म्हणत नाही. यजमानांनी पाहिलेल्या एखाद्या व्हिडिओत दूध म्हणजे सर्व रोगांचं मूळ असं सांगितलं असेल, तर ते बाजूला ठेवायला सांगा. प्राण्यांसाठी सोडायचं असेल तर तसं म्हणावं, पोट बिघडतं म्हणून सोडायचं असेल तर तसं. मोठेपणी दूध न पचणारी माणसं आपल्याकडे भरपूर आहेत. लहानपणी दुधातली साखर पचवणारं विकर (एन्झाइम) वयाबरोबर कमी होत जातं आणि पेलाभर दुधाने पोट गुडगुडतं. कारण खरं असलं की घरच्यांशी वाद निम्मा होतो. सासूबाईंना "तुमचं दूध विषारी" म्हटलं की त्यांच्या अख्ख्या संसाराचा अपमान होतो. "मला ते जनावराचं बघवत नाही" यावर बायका गप्प बसतात, कारण त्यांनीही ते पाहिलेलं असतं.

नैतिक कारणाने सोडलं तरी शरीराला हिशोब द्यावाच लागतो, आणि तिथे माझा धंदा कामी आला. पुण्यात रुग्णालयात काम करत असताना रोज लोकांना विचारायचे, काल सकाळपासून रात्रीपर्यंत काय खाल्लं ते सांगा. शाकाहारी घरांतली उत्तरं ऐकून ऐकून एक गोष्ट ध्यानात आली. आपण स्वतःला डाळभात खाणारे म्हणवतो, पण खातो ते भात आणि पोळी. डाळ असते ती भात ओला करण्यापुरती.

हे घरीच ताडून बघा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये भारतीयांसाठी आहाराची मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात दोन हजार कॅलरीच्या दिवसाचं ताट मांडलंय: धान्य २५० ग्रॅम, डाळी-कडधान्यं ८५ ग्रॅम, दूध किंवा दही ३०० मिलिलीटर, भाज्या ४०० ग्रॅम, फळं १०० ग्रॅम, दाणे-तेलबिया ३५ ग्रॅम. सगळं कच्च्या वजनाचं. आता ८५ ग्रॅम म्हणजे चार मोठ्यांना दिवसाकाठी ३४० ग्रॅम. तुमच्या घरातली आमटीची स्टीलची वाटी घ्या, तूरडाळ भरून काट्यावर ठेवा. साधारण सव्वाशे ग्रॅम भरेल. म्हणजे चार माणसांना दिवसाला पावणेतीन वाट्या कोरडी डाळ किंवा कडधान्य लागतं. कुकरला आपण किती लावतो? एक वाटी. दोन वेळचं मिळून. त्यात पाणी घालून आमटी अशी करतो की वाटीचा तळ दिसावा.

आजवर ही तूट दूध-दही भरून काढत होतं. ३०० मिलिलीटर दुधात दहाएक ग्रॅम प्रथिनं असतात. दूध काढून घेतलं आणि डाळ तेवढीच ठेवली, तर ताटात उरतो भात, पोळी, बटाट्याची भाजी आणि वर लोणचं. तो झाला कार्बोहायड्रेटचा आहार. अशा आहाराने सहा महिन्यांत केस गळायला लागले, थकवा आला की लोक म्हणतात, "बघा, व्हेगन झाला आणि खंगला." खरं म्हणजे तो व्हेगन व्हायच्या आधीपासूनच अर्धपोटी प्रथिनांवर होता, फक्त दुधाने ते झाकून ठेवलं होतं.

हिशोब जमवायचा म्हटला तर अवघड नाही. साठ किलोच्या माणसाला रोज सुमारे पन्नास ग्रॅम प्रथिनं पुरतात. आपल्याकडचा आकडा किलोमागे ०.८३ ग्रॅम असा आहे. ८५ ग्रॅम डाळ-कडधान्यांतून अठरा-वीस, २५० ग्रॅम धान्यातून पंचवीसच्या आसपास, मूठभर शेंगदाण्यांतून सात-आठ. पन्नाशी गाठली की नाही? पण वनस्पतीतली प्रथिनं पचायला थोडी कमी पडतात, म्हणून मी दूध सोडणाऱ्याला डाळ आणखी चाळीस ग्रॅमने वाढवायला सांगते, किंवा सोयाबीनच्या वड्या वीस ग्रॅम. प्रथिनं ज्या घटकांची बनतात त्यांतलं लायसिन धान्यात कमी असतं, डाळीत ते भरपूर. डाळीत मेथिओनिन हा दुसरा घटक कमी, तो धान्यात मिळतो. एकाच घासात दोन्ही हवं असंही नाही, दिवसभरात आलं की झालं. भाकरी-झुणका खाणाऱ्यांना हे कुणी शिकवलं नव्हतं, पण ताटात होतं.

सोयाबीनचं मला कायम आश्चर्य वाटतं. मराठवाडा-विदर्भ सोयाबीन पिकवतो, लातूरची बाजारपेठ त्यावर चालते, आणि ज्याच्या शंभर ग्रॅममध्ये पस्तीसच्या वर प्रथिनं आहेत ते दाणे आपल्या स्वयंपाकघरात येतच नाहीत. तेल आपण घेतो, पेंड कोंबड्यांना. वास येतो ही तक्रार खरी आहे. रात्रभर भिजवून, पाणी फेकून, कुकरला उकडून मग गव्हाच्या दळणात दहाला एक या मापाने भाजून मिसळले तर पोळीला कळतही नाही. कच्चे मात्र दळू नका. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनं पचू न देणारे घटक असतात, ते उष्णतेनेच जातात. सोयाने पुरुषांचे हार्मोन बिघडतात ही भीती रोजच्या वाटीभर खाण्याला लागू नाही. थायरॉइडची गोळी चालू असेल तर गोळी आणि सोया यांत तीन-चार तासांचं अंतर ठेवा.

पदार्थांची वाण आपल्याला मुळीच नाही. मटकीची उसळ, डाळिंब्या, कुळथाचं पिठलं, मुगाची धिरडी, भाजणीचं थालीपीठ, विदर्भातला गोळाभात, पाटवड्या. यातल्या एकाही पदार्थाला दूध लागत नाही. नवीन पाककृती शोधण्यापेक्षा आठवड्यातून दोनदा होणारं पिठलं चारदा करा आणि आमटी घट्ट करा. नाश्त्याच्या पोह्यांत मूठभर मोड आलेले मूग किंवा मटार आणि वरून दाणे. एवढ्याने नाश्त्यातली प्रथिनं बरीच वाढतात.

आता सासूबाईंचा हाडांचा मुद्दा. तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही, त्या बरोबर जागी बोट ठेवतायत. पाव लिटर दुधात तीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. मोठ्यांना रोज हजार लागतं, तुमच्या लेकीच्या वयाला साडेसहाशे, दहाव्या वर्षापासून साडेआठशे. नाचणीच्या शंभर ग्रॅममध्ये साडेतीनशेच्या वर कॅल्शियम आहे, म्हणजे मध्यम आकाराच्या एका भाकरीत दोनशेच्या पुढे. तिळात तर शंभर ग्रॅमला हजाराच्याही वर, पण ते सालासकट तिळात. बाजारातले पांढरेशुभ्र पॉलिशचे तीळ घेतलेत तर सालाबरोबर बरंचसं कॅल्शियमही गेलेलं असतं. गावरान, मळकट दिसणारे तीळ घ्या, भाजून चटणी करा, रोज दोन चमचे. शेवग्याचा पाला मिळाला तर सोडू नका. मेथी चांगली. पालकाच्या भरवशावर राहू नका. त्यात कॅल्शियम दिसतं भरपूर, पण पालकातलाच ऑक्झॅलेट नावाचा घटक ते धरून ठेवतो आणि अंगी फार थोडं लागतं.

नाचणीतलं कॅल्शियम शोषलं जाताना तिच्यातल्याच फायटेट या घटकाचा अडथळा येतो, म्हणून मोड आणून वाळवून दळलेली नाचणी जास्त चांगली. आपल्या आज्या बाळासाठी सत्त्व करताना मोड आणत, ते उगाच नव्हे. आणि हाडं म्हणजे नुसतं कॅल्शियम नाही. ड जीवनसत्त्व कमी असेल तर दूध प्या नाहीतर नाचणी खा, दोन्ही वाया. ठाण्यात चौदाव्या मजल्यावर राहून बसने शाळेत जाणाऱ्या मुलांना ऊन मिळतं कुठे? ते तपासा.

बाजारातल्या वनस्पतीजन्य दुधांबद्दल दोन शब्द. बदामाचं 'दूध' म्हणजे बहुतांशी पाणी. पेलाभरात ग्रॅमभर प्रथिनं मिळाली तरी नशीब, आणि त्या पैशांत आठवड्याची डाळ येते. नारळाचं दूध चवीला अप्रतिम, सोलकढी करा, पण दुधाची जागा ते घेत नाही. दुधाच्या जवळ जातं ते फक्त सोयाचं, प्रथिनांच्या बाबतीत. त्यात वरून कॅल्शियम आणि बी१२ घातलंय का हे पाकिटावर वाचा, आणि पाकीट हलवून मगच ओता, कॅल्शियम तळाशी बसतं. घरी केलेल्या सोयादुधात हे दोन्ही नसतं.

दह्यावाचून मात्र माझं अडलं होतं. दूध सुटलं, चहा बदलला, पण दहीभाताशिवाय जेवण संपल्यासारखं वाटेना. मग शेंगदाण्याचं दही जमवलं. दाणे सहा-सात तास भिजवायचे, सालं चोळून काढायची, तिप्पट पाणी घालून अगदी गंधासारखं वाटायचं, गाळायचं. ते दूध मंद आचेवर सतत ढवळत एक उकळी येऊ द्यायची. ढवळायचं थांबलात की तळाला लागलंच. कोमट झालं की विरजणाऐवजी हिरव्या मिरच्यांची चार-पाच देठं टाकायची. पहिल्यांदा दही सैल लागतं, चवही जरा उग्र येते. त्याच दह्याचं विरजण लावून दुसऱ्या-तिसऱ्या वेळेला छान घट्ट होतं. ताक होतं, दहीभात होतो, कोशिंबीर होते. कढी मात्र फाटते, त्या वाटेला जाऊ नका. आणि हे दही प्रथिनांसाठी आहे. दह्यातलं कॅल्शियम आणि बी१२ त्यात नाही.

बी१२ वर जरा थांबते, कारण इथे मी तडजोड करत नाही. हे जीवनसत्त्व ना वनस्पती बनवतात ना प्राणी. ते जिवाणू बनवतात, आणि प्राण्यांच्या मांसा-दुधातून ते आपल्यापर्यंत येतं. भरवशाचा एकही वनस्पतीजन्य स्रोत नाही. मोड आलेली कडधान्यं, इडली-आंबोळीचं आंबवलेलं पीठ, न धुतलेली भाजी, स्पिरुलिना, सगळं मी ऐकलंय. स्पिरुलिनात जे असतं ते बरंचसं बी१२ सारखं दिसणारं, पण शरीराच्या कामी न येणारं असतं. "पूर्वीचे लोक कुठे गोळ्या खात होते?" हेही ऐकलंय. पूर्वीच्या लोकांचं बी१२ कुणी मोजलं नव्हतं. मोजलं तेव्हा काय निघालं ते ऐका.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या गावांतल्या गर्भवतींचा आणि पुढे त्यांच्या मुलांचा अभ्यास चालवला. त्यात सुमारे दोन तृतीयांश आयांचं बी१२ कमी निघालं. या बायका व्हेगन नव्हत्या. साध्या, कधी दूध कधी ताक घेणाऱ्या बायका. ज्यांच्या रक्तात फोलेट (हेही एक ब जीवनसत्त्व, गोळीतलं फॉलिक ॲसिड ते हेच) भरपूर पण बी१२ कमी होतं, त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी इन्सुलिनला दाद न देण्याचं प्रमाण सगळ्यात जास्त दिसलं, आणि ही मधुमेहाची पूर्वखूण आहे. २००८ मध्ये हे प्रसिद्ध झालं. म्हणून तुमच्या घरात बी१२ हा प्रश्न यजमानांच्या निर्णयाने आलेला नाही, तो आधीपासून असणार. चहातलं दूध कुणालाही पुरेसं बी१२ देत नाही.

गोळी किती घ्यावी? गरज आहे रोज दोन-अडीच मायक्रोग्रॅमची, मग गोळ्या पाचशे-हजाराच्या का, असं लोक विचारतात. आतड्यात बी१२ उचलून नेणारी जी यंत्रणा आहे ती एका वेळी दीड-दोन मायक्रोग्रॅमच उचलते. बाकीच्यातलं फक्त टक्काभर आपसूक झिरपतं. हजारातले दहा. म्हणून मोठ्या माणसाने रोज पन्नास ते शंभर मायक्रोग्रॅम घ्यावं किंवा आठवड्यातून एकदा दोन हजार. रविवार ठरवून घ्या, विसरत नाही. हे झालं टिकवण्यासाठी. आधीच कमतरता असेल तर डोस डॉक्टर ठरवतील, कदाचित इंजेक्शनंही लागतील. फॉलिक ॲसिडच्या गोळ्या मनाने सुरू करू नका. त्याने रक्तातला दोष झाकला जातो आणि नसांचं नुकसान आतून चालू राहतं.

यकृतात बी१२ चा साठा वर्षानुवर्षं पुरतो, आणि गोची तिथेच होते. सोडल्यावर पहिली दोन वर्षं माणूस ठणठणीत असतो आणि इतरांना सांगत सुटतो की मला गोळीची गरज पडली नाही.

आणि आई, म्हणजे तुमच्या सासूबाई. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेणाऱ्यांचं बी१२ खाली जातं, हे चांगलं ठाऊक असलेलं आहे. वयाने जठरातलं आम्लही कमी होतं, म्हणून अन्नातलं बी१२ सुटत नाही. पायांना मुंग्या येतात, तळवे बधिर वाटतात, चालताना तोल जातो असं त्या म्हणत असतील तर "साखरेमुळे असेल" म्हणून सोडून देऊ नका. ते बी१२ मुळेही असू शकतं आणि ते वेळेवर सापडलं तर सुधारतं. त्यांचं दूध-ताक बंद करायची मला तरी काही गरज दिसत नाही. डाळ मात्र त्यांचीही वाढवा, या वयात स्नायू झपाट्याने उतरतात. त्याआधी क्रिएटिनिन बघून घ्या. मूत्रपिंड नीट असेल तरच. भात कमी, डाळ जास्त असा बदल झाला की साखर खाली येते, म्हणून गोळ्यांचा डोस पुन्हा बघायला डॉक्टरांना आधीच सांगून ठेवा.

मुलांचं सगळ्यात शेवटी घेते, कारण तिथे जाणकारांतच एकमत नाही आणि मी ते लपवणार नाही. अमेरिकेतल्या आहारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ मध्ये म्हटलं होतं की नीट आखलेला व्हेगन आहार सर्व वयांना चालतो. जर्मनीच्या पोषण संस्थेने त्याच वर्षी उलट सांगितलं: मुलं, गर्भवती आणि अंगावर पाजणाऱ्या आया यांना आम्ही तो सुचवत नाही. पुढे २०२४ मध्ये त्यांनी भूमिका मवाळ केली, या गटांसाठी बाजूने वा विरोधात ठाम शिफारस करता येत नाही म्हणाले. दोन्हीकडचा कळीचा शब्द आहे 'नीट आखलेला'. लहान मुलाच्या बाबतीत आखण्यात ढिलाई झाली तर त्याची किंमत वाढीत मोजावी लागते.

तीन वर्षांच्या मुलाची अडचण पोटाच्या मापाची असते. उसळ, भाकरी, पालेभाजी हे सगळं चोथ्याचं, पोट लवकर भरवणारं. चार घासांत मूल "पुरे" म्हणतं, आणि त्या चार घासांत पुरेशा कॅलरी नसतात. मोठ्यांना वजन कमी करायला जो गुण उपयोगी पडतो तोच इथे आड येतो. म्हणून लहानाच्या खाण्यात तेलबिया हव्यात: शेंगदाण्याचं कूट, तिळाची पेस्ट, खिचडीवर चमचाभर जास्त तेल, अर्धी डाळ सालाशिवायची. अख्खे दाणे मात्र पाच वर्षांपर्यंत नको, ते श्वासनलिकेत अडकतात. माझा सल्ला असा की मुलगा पाच वर्षांचा होईपर्यंत दिवसाला दोन-अडीचशे मिलिलीटर दूध-दही चालू द्या. यजमानांना ते मान्यच नसेल, तर कॅल्शियम आणि बी१२ घातलेलं सोयादूध, बालरोगतज्ज्ञांनी ठरवलेले बी१२ आणि ड जीवनसत्त्वाचे थेंब, आणि दर तीन महिन्यांनी वजन-उंची वाढीच्या तक्त्यावर. रेषा खाली कलली तर वाद न घालता दूध परत. वर्षाखालचं बाळ घरात असेल त्यांच्यासाठीही सांगून ठेवते. आईचं दूध नसेल तर बाळांसाठीचा फॉर्म्युलाच, बदाम-नारळ-नाचणीचं कुठलंही 'दूध' त्याच्या जागी देऊ नये.

लेकीचं वेगळं. तिचं कॅल्शियम जमवता येईल, माझं लक्ष लोहाकडे आहे. नवव्या वर्षापर्यंत मुलींची रोजची लोहाची गरज १५ मिलिग्रॅम धरतात, दहाव्यापासून ती २८ होते. मुलग्यांची याच वयात फक्त १६. पाळी सुरू व्हायच्या आधी साठा भरून ठेवायला हवा. इथे घरोघरी गूळ आणि बीट यांच्यावर भिस्त असते. शंभर ग्रॅम बिटात मिलिग्रॅमभरही लोह नसतं, रंग बघून आपण फसतो. गुळाच्या खड्यातून मिळतं ते अर्धा मिलिग्रॅम. लोह आहे ते कडधान्यांत, बाजरीत, तिळात, पालेभाज्यांत. पण वनस्पतीतलं लोह क जीवनसत्त्वाच्या सोबतीने चांगलं शोषलं जातं, म्हणून उसळीवर लिंबू पिळा, जेवणानंतर पेरू किंवा आवळा. आणि चहा जेवणाबरोबर नको, तासभर तरी अंतर. हे तुम्हालाही लागू आहे, तुमची गरज तर यजमानांच्या दीडपट आहे.

चहा निघालाच आहे तर यजमानांना सांगा: सोयादूध उकळत्या चहात ओतलं की फाटतं, आलं घातलं असेल तर हमखास. चहा उतरवून मिनिटभर निवू द्यायचा, दूध वेगळं कोमट करायचं आणि चहा दुधात ओतायचा. ओट्सचं दूध त्या मानाने गुण्यागोविंदाने मिसळतं. मी स्वतः कोरा चहा पिते, गवती चहा घालून. सवय व्हायला वेळ लागला, आता दुधाचा नकोच वाटतो.

घरच्यांचं मी काय केलं? काहीही केलं नाही. आमचे हे रविवारी मासे खातात, त्यांची कढई वेगळी आहे आणि ती तेच घासतात. मुलगा वसतिगृहात अंडी खातो. सासूबाई होत्या तोवर देव्हाऱ्यातलं पंचामृत गाईच्या दुधाचंच झालं आणि मी ते हातावर घेऊन कपाळाला लावत असे, एवढ्यावर दोघींचं भागलं. पण घरातली डाळ मी दुप्पट केली, तिळाची आणि जवसाची चटणी रोज ताटात आणली, रविवारची गोळी सगळ्यांना चालू केली. मासे न खाणाऱ्यांना ओमेगा-३ या उपयोगी मेदाचा वनस्पतीतला प्रकार जवसातून मिळतो, पण जवस भाजून कुटलेलं हवं, अख्खं गिळलं तर तसंच बाहेर पडतं. घरात कुणी व्हेगन 'झालं' नाही, तरी आठवड्यातली बहुतेक जेवणं आता दुधामांसाविना होतात आणि कुणाच्या ते लक्षातही येत नाही.

यजमानांना एक आणखी. हिरव्या पानाचा आणि 'व्ही' अक्षराचा व्हेगन शिक्का पाकिटावर आला म्हणजे पदार्थ पौष्टिक झाला असं नाही. २०२२ च्या नियमांनुसार तो शिक्का प्राणिजन्य काही नाही एवढंच सांगतो. बिस्किटं, वेफर्स, मैद्याचे नगेट्स हेही त्यात बसतात. दूध सुटलं की जिभेला चुकल्यासारखं होतं आणि हात नेमका त्या डब्याकडे जातो.

सुरुवात अशी करा. पहिल्या आठवड्यात काहीही सोडू नका, फक्त डाळ-कडधान्यं वाढवा. एकदम वाढवलीत तर पोटं फुगतील आणि सगळं खापर तुमच्यावर, म्हणून रोज मूठभराने. भिजवलेलं पाणी फेका, हिंग-ओवा हात सोडून घाला. त्याच आठवड्यात चारही मोठ्या-लहानांचं, म्हणजे धाकट्याला वगळून सगळ्यांचं, हिमोग्लोबिनसह रक्ताची साधी तपासणी, बी१२, ड जीवनसत्त्व, आणि तुमचं व लेकीचं फेरिटिन, म्हणजे लोहाचा साठा. धाकट्याचं बालरोगतज्ज्ञांना विचारून. यजमानांची गोळी तपासणीचं रक्त दिल्यावर सुरू करा, आधी नाही, नाहीतर आकडा फसवा येईल. बी१२ काठावर आलं तर होमोसिस्टीनही करून घ्या, बी१२ कमी पडलं की ते रक्तात वाढतं. रिपोर्ट हातात आले की मला आकड्यांसकट कळवा, मुलांची उंची-वजनं आणि आईंचं क्रिएटिनिन त्यात असू द्या, म्हणजे प्रत्येकाचं वेगळं ताट मांडून देते.